शिट्टी का वाजली?

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. ब्रेकचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी ते गेजला लावून माप बघते आणि पास की रिजेक्ट ते ठरवते. लाइनवरचे लोक येऊन म्हणतात, "मॅडम, एवढं चालतंय की." मी म्हणते, नाही चालत. पुरुषांना तोंडावर 'नाही' म्हणायचा मला पगार मिळतो. त्यामुळंच असेल, फुटबॉलवर बोलायला लागले तेव्हा भीती अशी वाटली नाही. बाकी अडचणी भरपूर आल्या.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं पेठांच्या तालमी आहेत आणि तालमींच्या फुटबॉल टीम आहेत. बाहेरच्या माणसाला तालीम म्हटलं की लाल माती आणि पैलवान आठवतात. ते आहेच. पण फुटबॉलचा सीझन लागला की गल्लीच्या तोंडाला पताका लागतात, आणि दोन पेठांत सोयरीक असेल तर जावयाची पंचाईत होते. माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. तालमीचे बॉल त्यांच्याकडं यायचे. उसवलेली शिवण परत घालायची, आतला रबरी ब्लॅडर बदलायचा, हवा भरून कानाजवळ धरायचा आणि कुठं सुस्कारा ऐकू येतो का बघायचं. सामन्याला ते मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे.

आठवीत गेल्यावर ते बंद झालं. वडील म्हणाले, "आता गर्दी लई असतीया. घरात थांब." मी भांडले नाही, गच्चीवर गेले. आमच्या गच्चीवरून मैदान दिसत नव्हतं, पण ऐकू यायचं. थोड्या दिवसांत मला आवाज कळायला लागले. आपला गोल झाला की आरडाओरडा उभा वर चढतो. समोरच्यांचा झाला की तो मैदानाच्या पलीकडच्या अंगानं येतो, पातळ. पेनल्टी असली की आधी सगळं चिडीचूप होतं. वडील घरी आले की मीच त्यांना सांगायची, "तीन-एक. तिसरा पेनल्टीवर." ते चप्पल काढता काढता थांबून बघायचे.

पुढं डिप्लोमा झाला आणि नोकरीसाठी मी इकडं आले. पहिली दोन वर्षं कासारवाडीत चार मुलींबरोबर राहिले, मग कंपनीला जवळ पडावं म्हणून निघोज्यात एक खोली घेतली. कोल्हापूरच्या सामन्यांचं आता मोबाईलवर थेट प्रक्षेपण असतं. कुणीतरी एका बाजूला कॅमेरा लावतो, आणि मी नऊशे-हजार जणांच्या कॅन्टीनमध्ये एका हातात चपाती आणि दुसऱ्या हातात फोन धरून बघते.

कॅन्टीनमध्ये कोल्हापूरकरांचं एक टेबल आहे. सगळे पुरुष, वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे. एकदा ते आदल्या दिवशीच्या सामन्यावर बोलत होते आणि मी शेजारच्या टेबलावर जेवत होते. पेंट शॉपमधला एक जण ठासून सांगत होता, की दुसरा गोल शंभर टक्के बरोबर होता. मी मान वळवली आणि म्हणाले, "तो ऑफसाइड होता."

"मॅडम, तुम्ही स्टेडियमवर कधी गेलाय का?"

"तुम्हाला हाफ चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून जातेय."

टेबल हसलं. तोही हसला, पण मग पाठ फिरवून त्यांचं ते बोलत राहिले. मी ताट ठेवायला गेले तेव्हा माझ्याकडं सांगण्यासारख्या निदान अजून पाच गोष्टी होत्या आणि त्या ऐकायला कुणी नव्हतं. हात धुता धुता ठरवलं, आपण पॉडकास्ट करायचा. कोल्हापूरच्या फुटबॉलवर, मराठीत, आपल्या तोंडानं. सामने झाले की आठवड्यातून एकदा. लोक ऐकोत न ऐकोत.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी दुपारी आसपासच्या बऱ्याच कंपन्या बंद, म्हणून निघोजे थोडं शांत असतं. मी खिडकीला गोधडी लावली, फोन दोन उशांमध्ये उभा केला आणि बोलले. तीन भाग असे केले. कागदावर सगळं लिहून, शुद्ध भाषेत. कोल्हापुरात आम्ही बायका 'मी जातो', 'मी सांगतो' असंच बोलतो. इथं आल्यावर कंपनीत लोक हसायला लागले, तेव्हा मी 'जाते, सांगते' वर आले होते. पॉडकास्टात तर मी 'आपण पाहिलेच असेल' इथपर्यंत गेले. तिसरा भाग मी सकाळी बसमध्ये कानात घालून ऐकला आणि चाकण चौकाच्या आधी मला झोप लागली. स्वतःच्या आवाजानं स्वतःलाच झोप लागते म्हणजे रिजेक्टच.

चौथ्या भागाच्या वेळी मी कागद न घेता बसले. एका रेफरीवर माझा राग होता, तो काढत होते. बराच वेळ झाला असेल, तेवढ्यात दार वाजलं आणि वाजवणारी आतच आली.

"कुणाशी भांडतीस गं एकटीच?"

त्या माझ्या घरमालकीण. मी त्यांना काकू म्हणते. निघोज्यातलं जुनं घराणं. त्यांची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यात त्या कांदा करतात. दोन म्हशी आहेत आणि घराच्या मागं दहा खोल्या भाड्यानं दिलेल्या. पन्नाशीच्या पुढं वय, आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर दहाव्या खोलीतला माणूस आंघोळ अर्धी टाकून बाहेर येईल. त्या पाण्याची मोटर लावायला निघाल्या होत्या.

मी म्हणाले, "भांडत नाही काकू, रेकॉर्डिंग करतोय." घाईत कोल्हापुरीच निघालं.

"कसलं?"

"फुटबॉलचं."

"आन् मग वरडतीस का?"

"रेफरीनं चुकीची शिट्टी वाजवली."

काकू उंबऱ्यात टेकल्या. "शिट्टी का वाजली पण?"

मी त्यांना सांगायला लागले. त्यांनी विचारलं, रेफरी कुणाच्या बाजूचा असतो? कुणाच्याच नाही म्हटल्यावर, मग त्याला घरी नीट जाऊ देतात का, असं विचारलं. गोलकीपरला एकट्यालाच हात लावायची परवानगी का, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? मी सांगत गेले. त्या मोटर विसरल्या, खोल्यांमधून पाण्यासाठी हाका यायला लागल्या, तेव्हा उठल्या. फोन चालूच होता. रात्रीच्या भाकऱ्या थापायच्या आधी मी ते ऐकलं आणि हसत सुटले. इतके दिवस मला जे जमत नव्हतं ते त्यात होतं. मी कुणाला तरी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ते ऐकवलं आणि विचारलं, हे लोकांना ऐकवू का?

"माजा आवाज असा हाय व्हय?" त्या म्हणाल्या. आणखी एकदा लावायला लावलं. मग म्हणाल्या, "ऐकव की. चोरी का केलीया आपण!"

पॉडकास्टचं नावही त्यांच्याच प्रश्नावरून ठेवलं, 'शिट्टी का वाजली?' तेव्हापासून गुरुवारी दुपारी त्या धारा आणि जेवण उरकून येतात. कधी मेथी निवडायला आणतात. सामना आम्ही आधी फोनवर दोघी बघतो, मग बोलतो. माझ्या तोंडात परत 'सांगतो, बघतो' आलं आणि ते मी तसंच राहू दिलं.

ऑफसाइड समजवायला मला दोन गुरुवार लागले. काड्यापेट्या मांडल्या, वाट्या मांडल्या. काकू बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "म्हंजे असं बग. वाढपी भात घेऊन निगाला न्हाई तवर पंगतीच्या पुढं जाऊन पान मांडून बसायचं न्हाई. वाढप्याच्या हातनं भात सुटला की मग पळ."

कॅन्टीनच्या टेबलावर ते वाक्य दोन दिवस चाललं. पेंट शॉपवाल्यानं मला हाक मारून बसायला खुर्ची ओढली. ऐकणारे सुरुवातीला मोजकेच होते. आमच्या कंपनीतले, मग शेजारच्या कंपन्यांतले कोल्हापूरकर, इचलकरंजीचे, सांगलीचे, मग पिंपरीत भाजीचा गाळा असलेल्या एक बाई, ज्या सकाळी माल लावताना ऐकतात. कुणी काकूंसाठी प्रश्न पाठवायचे. वडिलांनी दुकानात फोन स्टुलावर ठेवून भाग लावायला सुरुवात केली, आणि पंक्चर काढायला आलेली माणसं पंक्चर निघाल्यावरही थांबायला लागली.

मग आमच्या तालमीचा आणि समोरच्या पेठेचा सामना झाला. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटांत गोल खाल्ला. आमचा गोलकीपर जागेवर उभा राहिला आणि बॉल त्याच्या डावीकडून आत गेला. मी तो गोल फोनवर चार वेळा बघितला. गुरुवारी मी म्हणाले, "कीपर झोपला होता. पुढं यायला पाहिजे होतं, आला नाही. सामना त्यानं घालवला." काकूंनी विचारलं, "आपल्याच पोराला असं बोलतीस?" मी म्हणाले, "आपला आहे म्हणून खोटं बोलायचं का?" मला स्वतःचा अभिमान वाटला होता. आपल्याच टीमला रिजेक्ट करणारी मी एकटीच, असं काहीतरी.

दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला. "तू बोललीस ते पेठंत पोचलंय. तालमीतली चार माणसं दुकानात आली हुती."

"काय म्हणाली?"

"चाकणला बसून शहाणपणा शिकवू नको म्हणाली. तू सांग, तुला खात्री हाय न्हवं?"

"आहे."

"मग बास," म्हणाले आणि फोन ठेवला.

मेसेज यायला लागले. बरेचसे आमच्याच पेठेतून. एकानं लिहिलं होतं, बाईमाणसांनी चूल बघावी, बॉल नाही. मी ते काकूंना वाचून दाखवणार नव्हते, पण त्यांनी माझं तोंड बघून विचारलंच. पुढच्या भागात मी काही बोलायच्या आधी त्यांनी फोन आपल्याकडं ओढला. "ज्यांनी चुलीचं लिवलंय त्यांना सांगते. चूल बगूनच बसलेय हितं. भाकरी झाल्यात, कालवण झालंय, म्हशींचं झालंय. आता बोला." तो भाग इतका पसरला की पेठेतल्या बायकाही ऐकायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो आपण.

त्यानंतर एका संध्याकाळी फर्स्ट शिफ्ट करून मी घरी आले होते. फोन वाजला, अनोळखी नंबर होता. "ताई, मी कीपर बोलतोय," तो म्हणाला. कोणता, ते विचारायची गरज नव्हती.

तो भांडला नाही, त्यामुळं जास्त जड गेलं. म्हणाला, "मी झोपलो नव्हतो. बॉल आमच्याच डिफेंडरच्या पायाला लागून वळला. मी उजवीकडं वजन टाकलेलं, तो डावीकडं गेला. तुमच्या व्हिडिओत दिसणार नाही, मधी लाइटचा खांब येतोय."

मी त्याच्याशी वाद घातला. खांब असला तरी पाऊल पुढं टाकता आलं असतं, असं काहीबाही बोलले. तो म्हणाला, "एक व्हिडिओ पाठवतोय, गोलच्या मागनं काढलेला. बघा आणि मग बोला." आणि त्यानं पाठवला.

मी बघितला. डिफेंडरचा पाय स्पष्ट होता. बॉल वळला होता. कीपरचं वजन उजवीकडं होतं आणि तिथून कुणीही डावीकडं जाऊ शकलं नसतं. कंपनीत मी एका बाजूनं गेज लावून कधी पार्ट रिजेक्ट केला नाही, फिरवून बघितल्याशिवाय शिक्का मारला नाही. आणि इथं एका माणसाला मी एकाच बाजूनं बघून सगळ्या पेठेसमोर शिक्का मारला होता.

तशीच उठून गोठ्यात गेले. काकू पेंड भिजवत होत्या. मी त्यांना व्हिडिओ दाखवला आणि म्हणाले, तो भाग काढून टाकते.

"काढून टाकलास तर फोनातनं जाईल. लोकांच्या कानातनं कसा काढशील?" त्या म्हणाल्या. "ज्या तोंडानं बोललीस त्याच तोंडानं सांग. आन् त्या पोराला पन बोलव. मला त्याला इचारायचंय."

मी त्याला फोन केला. तो हो म्हणाला.

त्या गुरुवारी मी सुरुवातीलाच सांगितलं, की मी जे बोललो ते चूक होतं, मी एकाच बाजूनं बघून निकाल दिला, आणि कीपरची काही चूक नव्हती. मग तो फोनवर आला. तिशीच्या आतला, पहाटे घरोघर दूध घालतो, नऊनंतर एका दुकानात काम करतो आणि संध्याकाळी सराव. काकूंनी विचारलं, "गोल खाल्ल्यावर घरी जेवायला देत्यात का?"

तो हसला. "देतात काकू. आई काही बोलत नाही, फक्त आमटी वाढताना वाटी जोरात ठेवती."

"आन् बाहेर?"

"बाहेर..." तो म्हणाला. "पहाटे दूध घालायला गेलो तर एका घरातल्या बाई म्हणाल्या, पातेलं नीट धर रे, सांडशील. त्यांनी तुमचंच ऐकलेलं."

काकूंनी मेथी निवडता निवडता हात थांबवला. माझ्या खोलीतून, गोधडीमागून निघालेलं वाक्य दीड-दोनशे मैल जाऊन एका माणसाला पहाटे दारात भेटलं होतं. कॅन्टीनमध्ये मला ऐकायला कुणी नाही म्हणून मी हे सुरू केलं, आणि आता लोक ऐकत होते ते असे. मी त्याला म्हणाले, "त्या बाईंचं घर कुठलं ते सांगू नका, पण त्या हा भाग पण ऐकतील असं बघते."

"ऐकला न्हाई तर मी सांगतो की त्यांना," तो म्हणाला. "दूध रोजच असतंय."

मग आम्ही अर्धा तास कीपिंगवर बोललो. वजन कुठल्या पायावर ठेवायचं, समोरचा मारताना डोळे बघायचे की कंबर. कंबर, तो म्हणाला. डोळे खोटं बोलतात. असं काही मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांनी तो भाग दुकानात लावला. रात्री फोन करून म्हणाले, "केलंस ते बरं केलंस. पर तीन वेळा चुकलो-चुकलो कशाला म्हणालीस? एकदा म्हणायचं आन् पुढं जायाचं." तालमीतली ती चार माणसं परत आली होती. तिघांनी चहा घेतला. चौथा अजून माझ्यावर नाराज आहे, असं कळतं.

त्यानंतर मी एक नियम केला. दुसऱ्या बाजूचा व्हिडिओ मिळाल्याशिवाय किंवा मैदानावर असलेल्या कुणाशी बोलल्याशिवाय माणसावर बोलायचं नाही. खेळावर बोलायचं. आवाज मात्र खाली आणला नाही. रेफरी चुकला तर चुकला म्हणते, आमची टीम आळशी खेळली तर आळशी म्हणते, आणि आधीपेक्षा जास्त खात्रीनं म्हणते, कारण आता फिरवून बघितलेलं असतं.

यंदाच्या सीझनमध्ये मी दोन दिवस रजा टाकली आणि काकूंना घेऊन कोल्हापूरला गेले. म्हशी त्यांनी जावेच्या हवाली केल्या. स्टँडवर वडील घ्यायला आले. त्यांनी काकूंना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमचा आवाज वळखीचा हाय." दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं सामन्याला गेलो. आमची तालीम आणि तीच समोरची पेठ. आत शिरल्यावर काकू पायरीवरच थांबल्या.

"एवढं मोठं असतंय व्हय? फोनात तर तळहाताएवढं दिसतं."

मग त्या बसल्या आणि पहिल्या हाफभर एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं गर्दीनं बावरल्या. आमच्या कीपरनं दोन बॉल अडवले तेव्हा मी उभी राहून ओरडले. त्या बसूनच होत्या. दुसऱ्या हाफात समोरच्या पेठेच्या मधल्या फळीतल्या एका बुटक्या पोरानं आमच्या दोघांना चकवलं, पडला, उठला, रेफरीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि पळत जाऊन बॉल परत मिळवला. काकू ताडकन उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवल्या.

"काकू, तो त्यांचा आहे."

"मला काय करायचंय? एवढं पाडलं तरी रडला न्हाई. मला त्योच आवडला."

वडील तोंडावर हात ठेवून हसत होते. पुढं-मागं आमच्या पेठेची माणसं होती, ती वळून बघायला लागली. काकूंनी त्यांच्याकडंही बघून टाळ्या वाजवल्या.

सामना एक-एक सुटला. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत मी त्यांना समजावत होते, की आपण आमच्या तालमीचे. त्या म्हणाल्या, "तू हायेस. मी कवा म्हनले?" गेल्या गुरुवारी त्यांनी तेच पॉडकास्टात सांगितलं, आणि समोरच्या पेठेतून त्यांच्या नावानं निरोपांची रांग लागली. कॅन्टीनमधला पेंट शॉपवाला, जो त्या पेठेचा आहे, मला म्हणाला, "मॅडम, काकू आमच्या झाल्या राव." मी म्हणाले, घ्या. पण त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तयारी ठेवा.